सात दिवस, एक गाडी आणि न्यूझीलंडचं दक्षिण बेट

दिवाळीच्या सुट्टीत परदेशात स्वतः गाडी चालवत फिरायचं म्हणून न्यूझीलंडची चौकशी करणारी बरीच पत्रं या वेळी आली. रजा मोजकी आणि यादी लांबलचक, हे बहुतेकांचं दुखणं. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : दिवाळीला जोडून दहा दिवसांची रजा मिळते आहे, जाण्यायेण्याचा प्रवास त्यातच. आम्ही दोघं आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. ऑकलंडला उतरून रोटोरुआ, मग दक्षिण बेटावर क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, फ्रान्झ जोसेफची हिमनदी आणि परत क्राइस्टचर्च असा बेत आहे. नकाशावर रोज चार-पाच तासांचंच ड्रायव्हिंग दिसतं. जमेल ना? – वाचक, पुणे

उत्तर : नाही जमणार. जमवलंत तर सगळी सुट्टी काचेतून बघण्यात जाईल. आधी दिवस मोजू. मुंबईहून क्राइस्टचर्चला थेट विमान नाही. बहुतेकदा सिंगापूरमार्गे जावं लागतं आणि मधला थांबा बऱ्याचदा मोठा असतो. शुक्रवारी रात्री निघालात तर सहसा रविवारी सकाळी पोहोचता. परतीचा सोमवार विमानातच जातो. म्हणजे दहा दिवसांतून हातात उरले सोमवार ते रविवार असे सात. या सातांत दोन बेटं बसत नाहीत. उत्तर बेट या खेपेला सोडून द्या, अगदी ‘ऑकलंडला एकच रात्र’ म्हणूनसुद्धा ठेवू नका. त्या एका रात्रीपायी एक देशांतर्गत विमान, दोनदा सामान बांधणं आणि दुसऱ्यांदा गाडीचे कागद असा जवळजवळ दीड दिवस खर्ची पडतो.

आता नकाशावरचे तास. दक्षिण बेटावर शहरांच्या आसपासचा थोडा भाग वगळला तर सगळे महामार्ग दुपदरी आहेत, एक पदर जायला आणि एक यायला. वेगमर्यादा ताशी १०० लिहिलेली असते, पण वळणांवर ३५, ४५, ६५ असे पिवळे फलक येत राहतात आणि ते गंभीरपणे घ्यायचे असतात. पुढे एखादी कॅम्परव्हॅन आली की काही मैल तिच्या मागेच. शिवाय दर वीस मिनिटांनी थांबावंसं वाटेल असं काहीतरी दिसतं, त्यासाठीच तर जायचं. म्हणून नकाशा दाखवेल त्या वेळेत निदान तिसरा हिस्सा आणखी धरा आणि त्यावर थांबे वेगळे मोजा. एकच चालक असेल तर नकाशावरचे चार तास ही दिवसाची कमाल मर्यादा. अशा दिवसाच्या दुसऱ्या दिवशी कमी अंतर ठेवा.

या हिशेबाने बसणारा बेत असा. रविवारी क्राइस्टचर्चला उतरून मुक्काम, गाडी घ्यायची नाही. नोव्हेंबरात न्यूझीलंडचं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्या शरीराच्या लेखी रात्रीचा दीड वाजलेला असतो. रात्रभर विमानात अवघडून थेट स्टिअरिंगवर बसणारे पर्यटक पहिल्याच दिवशी चुकीच्या बाजूला जातात किंवा डुलकी घेतात, त्याचं कारण हे आहे. पुढचे दोन-तीन दिवसही सकाळीच पेंग येते, दुपारी नाही. म्हणून सोमवारी गाडी साडेदहा-अकराला घ्या. तेवढं एका दिवसाचं भाडंही वाचतं.

सोमवारी क्राइस्टचर्च ते टेकापो, २२५ किलोमीटर. एक नंबरच्या महामार्गाने रांगिताटापर्यंत, तिथून ७९ नंबरच्या रस्त्याने जेराल्डीन, फेअरली. जेराल्डीनला जेवा. मंगळवारी टेकापोहून माउंट कुक गाव, १०५ किलोमीटर. शेवटचा पट्टा पुकाकी तलावाच्या काठाने जातो. हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं आणि त्यामुळे पाण्याला तो दुधाळ निळा रंग येतो. ऊन असेल तरच तो खुलतो, म्हणून ही वाट शक्यतो दुपारच्या आत करा. गावात पोहोचल्यावर हुकर व्हॅलीची सपाट वाट आहे, पूर्ण केली तर जाऊन-येऊन १० किलोमीटर, साधारण तीन तास. झुलत्या पुलांच्या कामासाठी तिचा काही भाग बंद ठेवला जातो, तेव्हा निघण्याआधी तिथल्या निसर्गसंवर्धन विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. वेळ कमी असेल तर टास्मन हिमनदीचं दर्शन देणारी चढण चाळीस मिनिटांत होते. माउंट कुक गावात खोल्या फार थोड्या आणि महाग. मिळाली नाही तर ६५ किलोमीटर मागे ट्वायझलला मुक्काम करा, तिथे सुपरमार्केटही आहे.

बुधवारी ट्वायझल ते क्वीन्सटाउन, लिंडिस खिंडीतून सुमारे २०० किलोमीटर. दुपारी पोहोचाल. गुरुवारी क्वीन्सटाउन ते टे आनाऊ, १७० किलोमीटर. शुक्रवारी मिलफर्ड करून परत टे आनाऊ, जाऊन-येऊन २४०. शनिवारी क्वीन्सटाउनला परत. रविवार सकाळ मोकळी, संध्याकाळच्या विमानाने तासाभरात क्राइस्टचर्च आणि सोमवारी घरची वाट. एकूण सुमारे १,२०० किलोमीटर झाले. गाडी क्वीन्सटाउनलाच सोडण्याचं वेगळं शुल्क लागू शकतं. ते द्या. गाडीने क्राइस्टचर्चला परतायचं तर ४८० किलोमीटर, म्हणजे एक अख्खा दिवस, आणि त्यातला बराचसा रस्ता आधी पाहिलेलाच.

शनिवार-रविवार असे सैल का ठेवले, ते महत्त्वाचं आहे. मिलफर्डचा रस्ता हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे नोव्हेंबरातही बंद ठेवला जातो. शुक्रवारी बंद झाला तर शनिवारी सकाळी पुन्हा जाता येईल आणि दोन चालक असतील तर रात्री, नाहीतर रविवारी सकाळी क्वीन्सटाउन गाठता येईल. म्हणून मिलफर्डच्या खाडीत फिरवणाऱ्या बोटीचं तिकीट बदलता येईल असंच घ्या.

हिमनद्यांचं वाईट वाटेल, पण त्या सोडा. क्वीन्सटाउनहून वानाका, हास्ट खिंड करत फ्रान्झ जोसेफ साधारण ३५० किलोमीटर आहे आणि तिथून आर्थर्स खिंडीतून क्राइस्टचर्च जवळजवळ ३९०. हे नीट करायला तीन दिवस हवेत. शिवाय जुन्या फोटोंत लोक चालत बर्फाला हात लावताना दिसतात, तसं आता राहिलेलं नाही. हिमनदी मागे सरकली आहे, शेजारच्या फॉक्स हिमनदीजवळ नेणारा रस्ता २०१९ च्या दरडींनंतर कायमचा गेला, आणि बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरच. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस धो धो पडतो, त्यात हेलिकॉप्टर रद्द होणं नेहमीचं. राखीव दिवस नसताना हा जुगार खेळू नये. हिमनदीच हवी असेल तर मिलफर्ड सोडून ती घ्या. एक धरा, एक सोडा, दोन्हीत धावू नका.

विमानाबाबत एक सूचना. क्वीन्सटाउनहून आंतरराष्ट्रीय विमानं फक्त ऑस्ट्रेलियाला जातात. ‘क्वीन्सटाउन–सिडनी–मुंबई’ असं स्वस्त तिकीट दिसलं तर भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तरी. आणि न्यूझीलंडचा व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका.

प्रश्न : आमचे चारही मुक्काम क्वीन्सटाउनला आहेत, पैसे भरून झाले आहेत. नकाशावर मिलफर्ड अगदी शेजारी दिसतं. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल का? गाडी मी एकटाच चालवतो. – वाचक, ठाणे

उत्तर : शेजारी दिसतं, कारण कावळ्याच्या उड्डाणाने ते सत्तरएक किलोमीटरवर आहे. मधे डोंगररांगा आहेत आणि त्यांतून रस्ता नाही. गाडीरस्ता दक्षिणेला किंग्स्टन, मॉसबर्न, टे आनाऊ असा भलामोठा वळसा घालतो. एका बाजूचे २९० किलोमीटर, न थांबता चार तास. जाऊन-येऊन आठ-नऊ तास गाडीत, दोन तास बोटीत, वर थांबे. एकट्या चालकाने हे करू नये, हे स्पष्टच सांगतो. परतीचे शेवटचे ४५ किलोमीटर वाकाटिपू तलावाच्या कडेने वळणावळणाचे आहेत आणि तेव्हा तुम्ही पुरते थकलेले असाल.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. क्वीन्सटाउनहून सुटणारी बस घ्या. दिवस बारा-तेरा तासांचा होतो, पण झोपता येतं. किंवा चारांपैकी एका रात्रीचे पैसे सोडून टे आनाऊला राहा. दुसरा आमच्या मते जास्त चांगला, कारण मिलफर्डची खरी गंमत बोटीइतकीच रस्त्यात आहे.

टे आनाऊहून सकाळी सातच्या आत निघा. टाकी तिथेच पूर्ण भरा, पुढच्या १२० किलोमीटरात पंपाचा भरवसा नाही. गाव सोडलं की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आणि बोटीचं तिकीट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. मिरर लेक्सची छोटी फळकुटांची वाट सकाळीच करा. वारा सुटला की तळ्यातलं प्रतिबिंब मोडतं. नॉब्ज फ्लॅटला स्वच्छतागृह आहे, ते चुकवू नका. पुढे होमर बोगदा येतो, १.२ किलोमीटर लांबीचा, खडबडीत, ओल्या भिंतींचा आणि मिलफर्डच्या बाजूला चांगलाच उताराचा. गर्दीच्या दिवसांत तोंडाशी सिग्नल असतो आणि एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. पाळी यायला पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात, तेवढी वेळापत्रकात धरा. आत शिरण्याआधी हेडलाइट लावा, गॉगल काढा. सिग्नलपाशी उभे असताना केआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट गाडीवर येऊन बसतात आणि काचेचं रबर, अँटेना चोचीने सोलतात. त्यांना खायला देऊ नका; त्याने ते आजारी पडतात आणि माणसाळून गाड्यांखाली येतात.

क्वीन्सटाउनच्या बसगाड्या दुपारी बारा-एकच्या सुमारास धक्क्यावर पोहोचतात. म्हणून साडेदहाच्या आसपासची बोट घ्या, गर्दी कमी असते. गाडी लावायला पैसे पडतात आणि तळ ते धक्का चालायचं असतं, तेव्हा बोटीच्या वेळेआधी पाऊण तास पोहोचा. पाऊस असेल म्हणून रद्द मात्र करू नका. मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो. कोरड्या दिवशी दोन-तीनच मोठे धबधबे दिसतात, पावसात कड्याकड्यावरून शेकडो धारा सुटतात. रस्ता उघडा आहे की नाही हे आदल्या रात्री आणि निघताना, असं दोनदा बघा. आणि सॅंडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांसाठी मलम हवंच, त्या डासांपेक्षा जास्त छळतात.

प्रश्न : मी पंधरा वर्षं भारतात गाडी चालवतो, परदेशात कधी नाही. लायसन्स कोणतं लागेल आणि सवयी किती बदलाव्या लागतील? – वाचक, नागपूर

उत्तर : तिथेही गाडी डावीकडून चालते, ही तुमची मोठी सोय. लायसन्स इंग्रजीत असेल तर तेवढं कायद्याने पुरतं. ते मूळ कार्ड हवं आणि गाडी चालवताना जवळ हवं. फोनमधली प्रत चालत नाही. आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घ्या, कारण भाड्याने गाडी देणारे काही जण तो मागतात. परिवहन संकेतस्थळावर अर्ज करून आरटीओतून मिळतो, मुदत एक वर्ष. सोबत मूळ लायसन्स लागतंच.

आंबेनळी घाट उतरलेल्या माणसाला तिथली वळणं अवघड नाहीत. अवघड जातो तो वेग. आपल्या घाटात चाळीसने जाणारा माणूस तिथे रुंद, गुळगुळीत डांबर बघून नव्वदने वळणात शिरतो आणि मग त्याला कळतं की कठडाच नाही.

एकेरी पूल नीट समजून घ्या, कारण ते सतत येतात. पुलाआधी फलक असतो. तांबड्या कडेची गोल पाटी असेल तर तिच्यावर मोठा काळा बाण समोरच्याचा आणि छोटा तांबडा बाण तुमचा: तुम्ही थांबायचं, समोरचे सगळे येऊ द्यायचे. निळी चौकोनी पाटी आणि मोठा पांढरा बाण म्हणजे हक्क तुमचा. तरीही समोरचा पुलावर आधीच चढलेला असेल तर थांबा. इथे दिवे चमकवून ‘आधी मी’ सांगायची आपली सवय धोक्याची आहे. तिथे दिवे चमकवले की समोरचा बहुधा ‘या’ असा अर्थ घेतो.

चौकातल्या गोलात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ‘स्टॉप’ लिहिलं असेल तर रस्ता मोकळा दिसत असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. तुमच्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तिथे ओव्हरटेक नाही. तुमच्या मागे तीन-चार गाड्या साचल्या तर पुढच्या रुंद जागी डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या. हॉर्न जवळजवळ वाजतच नाही. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा. फोटोसाठी रस्त्याच्या कडेला अर्धी गाडी आत, अर्धी बाहेर अशी कधीही थांबवू नका. सगळ्यात जास्त शिव्या पर्यटकांना याच कारणाने पडतात, आणि अपघातही होतात. फोटो काढून पुन्हा निघताना, रस्ता रिकामा असताना, चालकाशेजारच्याने मोठ्याने ‘डावीकडे’ म्हणायची सवय ठेवा. डावी-उजवी बाजू चुकते ती अशाच वेळी.

प्रश्न : आई-बाबा, आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा मुलगा. कॅम्परव्हॅन घेतली तर हॉटेलचा खर्च वाचेल का? की मोठी गाडी बरी? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : आठ दिवसांसाठी कॅम्परव्हॅन नको. रोज रात्री पलंग मांडणं, सकाळी आवरणं, सांडपाणी रिकामं करणं यात रोजचा दीड तास जातो, आणि पाच जणांत त्याहून जास्त. वेगही कमी. कुठेही गाडी उभी करून झोपता येत नाही. त्यासाठी गाडीला प्रमाणपत्र लागतं आणि जागाही ठरलेल्या असतात. बाकीच्यांना पैसे देऊन कॅम्पमध्येच जावं लागतं, मग बचत कसली?

स्वयंपाकघर असलेल्या मोटेलच्या दोन खोल्या आणि मोठी गाडी घ्या. गाडी निवडताना माणसं नव्हे, बॅगा मोजा. मध्यम एसयूव्हीत पाच माणसं बसतात, पण मागे दोनच मोठ्या बॅगा मावतात. आठ आसनी व्हॅन घ्या किंवा प्रत्येकी एक छोटी मऊ बॅग करा. सात वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला मान्यताप्राप्त सीट सक्तीची आहे, ती गाडीबरोबरच आरक्षित करा. ऐनवेळी मिळेलच असं नाही.

डिझेल गाडीवर किलोमीटरप्रमाणे रस्ता-कर लागतो. पेट्रोलमध्ये तो आधीच धरलेला असतो, म्हणून भाड्याचे आकडे ताडून बघताना हा कर मिळवून बघा. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं, कारण त्यावर अनामत अडकवतात. गाडी घेताना चारही बाजू, चाकं, काच आणि छत यांचा व्हिडिओ काढा. विम्यात नुकसानीचा पहिला हिस्सा तुमचा असतो. तो शून्यावर आणणारा पर्याय अशा कुटुंबाने घ्यावा. टेकापो-पुकाकीच्या मॅकेन्झी खोऱ्यात वारा इतका असतो की दार हातातून सुटून बिजागरीपासून वाकतं. दार एका हाताने धरून उघडा, आणि आई-बाबांचं दार तुम्ही उघडा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. घरचे लाडू, चिवडा, मसाले, लोणचं नेता येईल का? – वाचक, नाशिक

उत्तर : नेता येतं की नाही हा दुसरा मुद्दा. पहिला मुद्दा, जे असेल ते सगळं जाहीर करा. प्रवासाआधी ऑनलाइन भरायच्या घोषणापत्रात खाण्याचे पदार्थ ‘आहेत’ असं लिहिलं की अधिकारी बघतो, चालणारं सोडतो, न चालणारं टाकून देतो, दंड नाही. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर. विमानात मिळालेलं आणि पर्समध्ये विसरलेलं सफरचंद यातच मोडतं.

ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मध आणि पेरता येतील अशा बिया घेऊ नका. खव्याची, दुधाची मिठाई घरीच ठेवा. कारखान्यात बंद केलेली, छापील नावाची पाकिटं अधिकाऱ्याला झटकन वाचता येतात, म्हणून चिवडा-भाकरवडी तशीच न्या आणि सगळं खाणं एकाच पिशवीत, वरच ठेवा. चालायचे बूट धुऊन न्या, तळव्याला लागलेली मातीसुद्धा तपासतात.

तांदूळ, डाळी, दही, भाज्या तिथल्या सुपरमार्केटात मिळतात. छोट्या गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठला बंद होतात, आणि नोव्हेंबरात साधारण तोवर उजेड असतो, त्यामुळे भान राहत नाही. त्या दिवसाचं जेवण काय, हे दुपारीच ठरवा. खिचडीचं सामान गाडीत असलं म्हणजे झालं.